नारळ फुटला तेव्हा कॅमेरा लिहीत होता

कंपनीत डिजिटल कॅमेरा आला तेव्हा तो माझ्या टेबलावर येणार हे न सांगताच ठरलेलं होतं. कॉम्प्युटरला वायर लावून चालणारी कुठलीही वस्तू आली की ती माझ्याच गळ्यात पडायची. अठ्ठ्याण्णव साल होतं. नागापूरच्या एमआयडीसीत, पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात मला कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागून पाच महिने झाले होते. सहा महिने नीट काढले की कायम केल्याचं पत्र मिळायचं. घरी पप्पा मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ संगमनेरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्यामुळे ते पत्र माझ्या एकटीचं नव्हतं. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत पप्पा त्याची आठवण देवाला करून द्यायचे, आणि मला वाटायचं, ते देवापेक्षा मलाच ऐकवतायत.

माझी बसायची जागा म्हणजे शॉपमध्ये, मशीनं चालतात त्या दालनातच, उभी केलेली काचेची केबिन. चारी बाजूंनी काच आणि त्यातली एकही उघडणारी नाही. बाहेर दिवसभर प्रेस मशीनं धाडधाड पडायची, आत कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून दार बंद. सकाळी साडेसातला कंपनीची बस सावेडीच्या कोपऱ्यावरून उचलायची, आठला गेटला कुलूप लागायचं, आणि मग पाचपर्यंत पास असल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. मला बाहेर कुठे जायचं होतं असंही नाही. पण जाता येत नाही हे कळलं की माणसाला नेमकं तेव्हाच जावंसं वाटतं.

कॅमेरा परदेशातल्या गिऱ्हाईकाने पाठवला होता. खराब निघालेल्या मालाचे फोटो काढून ईमेलने पाठवा, टपालाने नमुने नकोत, असा त्यांचा आग्रह. रोल नाही, धुलाई नाही, काढला की लगेच मागच्या पडद्यावर दिसतो, म्हणून दोन दिवस सगळी कंपनी माझ्या केबिनच्या काचेला नाक लावून होती. तिसऱ्या दिवशी त्याचे गुण कळले. एक फोटो काढला की पाठीवर एक नारिंगी दिवा लुकलुकायला लागायचा. आत बिस्किटाएवढं एक कार्ड होतं, त्याच्यावर कॅमेरा तो फोटो लिहून घ्यायचा, आणि लिहून होईपर्यंत दुसरा काढू द्यायचा नाही. मी भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावली. नऊ सेकंद. कधी दहा. तेवढ्यात बटण कितीही दाबा, ढिम्म. चार सेल पन्नास-साठ फोटोंत माना टाकायचे, आणि सेल काढले की आतलं तारखेचं घड्याळही बंद पडून कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसायचं. म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पुस्तिकेत सलग फोटो काढायची एक सोय लिहिलेली होती. मोठ्या हौसेने मी ती करून पाहिली. टपटप चार फोटो निघाले खरे, पण पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि त्यानंतर पठ्ठ्या अर्धा मिनिट बंद. जेवणाच्या सुट्टीत मी नळाच्या थेंबावर सराव केला, मग चालू प्रेसवर. प्रेसचा वरचा भाग खाली येऊन पत्रा ठोकतो तो क्षण मला पकडायचा होता. वीसेक फोटो काढले. एकूण एक फोटोत तो भाग वर जाऊन निवांत उभा. वरातीमागून घोडं!

ज्या प्रेसवर मी हा सराव केला तिथला ऑपरेटर माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. इमामपूरच्या घाटाकडच्या एका वाडीतून सायकलवर यायचा. माझा खटाटोप बघून तो मशीन मुद्दाम सावकाश चालवायचा. "ताई, आला का?" विचारायचा, आणि मी मान हलवली की म्हणायचा, "जाऊ द्या, त्यो बी आपल्यासारखाच हाय. येका टायमाला येकच काम करतो." कंपनीत मला मॅडम न म्हणणारा तो एकटा होता. मला ते आवडायचं, हे आज सांगते, तेव्हा कबूल केलं नसतं.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कारखान्यात मशीनांची पूजा होते. काम बंद, वीज मेनमधूनच उतरवलेली, सगळे जण फडकी घेऊन मशीनं घासतात, धुतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. अशा दिवशी माझ्यासारख्या ख्रिस्ती बाईने नक्की कुठे उभं राहायचं हा एक प्रश्नच असतो. फार पुढे गेलं तर हिला काय कळतं, मागे राहिलं तर हिला आपलं चालत नाही. त्या वर्षी कॅमेऱ्याने माझी सोय केली. गळ्यात कॅमेरा असला की माणूस कुठेही उभा राहू शकतो.

मॅनेजरसाहेबांनी सकाळीच मला बोलावून सांगितलं होतं, "नारळ फुटतानाचा फोटो पाहिजे बघ. पाणी उडालेलं दिसलं पाहिजे. तिकडच्या लोकांना पाठवू, आपली संस्कृती कळू दे त्यांना." साहेब वाईट माणूस नव्हते. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं होतं, शंभर अर्जांतून. अगं-तुगं करायचे ते लेकीसारखं. मोठा नारळ मोठ्या प्रेसपुढे, म्हणजे त्या ऑपरेटरच्याच मशीनपुढे वाढवायचा होता. प्रेसच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून. साहेब आले, त्यांनी जाळी बघितली आणि म्हणाले, "अरे, देवीला काय पिंजऱ्यात ठेवून पूजा करता? काढा ती." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वीज बंद होती, मशीन धुवायला जाळी काढावीच लागली असती. दोघांनी बोल्ट काढले, जाळी भिंतीला टेकवली, आणि मशीनच्या दोन्ही खांबांवरून तोंडावर येईल असा मनगटाएवढा जाड हार सोडला. फार छान दिसत होतं ते मशीन, खोटं कशाला बोलू.

आरती चालू झाली. मी जागा धरली, कॅमेरा डोळ्याला लावला. साहेबांच्या हातात नारळ होता, पण ते अजून डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात ऑपरेटर मशीनच्या खांबाला हात लावून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, पटकन येक माझा. घरी दाखवायला." नवा पांढरा सदरा घातलेला, कपाळाला कुंकू. आरतीची अजून दोन कडवी बाकी आहेत असा हिशोब करून मी बटण दाबलं.

साहेबांना गुडघ्यांचा त्रास होता, की त्यांना घाई होती, कुणास ठाऊक. त्यांनी दोन्ही कडवी गाळली. नारिंगी दिवा लुकलुकत होता, मी बटण दाबत होते, आणि माझ्यापासून तीन हातांवर नारळ फुटला. पाणी उडालं. अगदी त्यांना हवं होतं तसं उडालं. मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि नुसती बघत राहिले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. साहेबांनी फुटक्या नारळातलं पाणी प्रेसच्या तोंडात शिंपडलं. मग हार एका हाताने बाजूला सरकवून दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला आणि खालच्या साच्यावर कुंकवाची पाच बोटं उठवली. ऑपरेटर माझ्यासमोरच उभा होता, फोटो निघाल्याच्या खुशीत, माझ्याकडे बघत. मग दिवा विझला.

मी उरलेल्या करवंट्यांचे दोन फोटो काढले. साहेबांनी लगेच कॅमेरा हातात घेतला, मागचा पडदा बघितला आणि हसत म्हणाले, "हे काय, माझा नारळ कुठाय? हा गडी मात्र झकास आलाय." सगळे हसले. मीही हसले. ऑपरेटरने मला पेढा दिला आणि विचारलं, "तुमाला चालतो न्हवं परसाद?" मी म्हटलं, चालतो. फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवायला एकेकाला दीड मिनिट लागायचं, आणि बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून कॅमेरा तसाच कपाटात ठेवून मी घरी गेले.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी केबिनमध्ये असताना बाहेरची सगळी मशीनं एकामागोमाग एक थांबली. मी उठून काचेशी गेले. काचेतून मला फक्त माणसांच्या पाठी दिसल्या, आणि त्यांच्यामधून त्याला उचलून नेताना त्याच्या हाताला गुंडाळलेलं, मशीन पुसायचं फडकं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याजवळची.

झालं होतं ते असं. पूजेचा हार सुकेपर्यंत मशीनवरून काढायचा नाही, ही आमच्या शॉपची जुनी रीत. एरवी हार लहान असायचे, वरच्या बाजूला अडकवलेले, त्यांचा कुणाला अडथळा व्हायचा नाही. या वेळचा तोंडावरच सोडलेला. जाळी बसवायची तर हार काढायला हवा, आणि हार काढायला कुणी धजेना. सुपरवायझर म्हणाला, राहू दे, उद्यापर्यंत सुकेल, मग बसवू जाळी. दुपारी पुण्याचा टेम्पो माल न्यायला येणार होता. मशीन तसंच चालू केलं.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. ऑपरेटरने नियम मोडून, स्वतःच्या मर्जीने मशीनची जाळी काढली व काम केले, सबब चौकशी होईल. नोकरी जाणार, हे त्या "सबब"मध्येच लिहिलेलं होतं. शॉपमध्ये तो कागद सगळ्यांनी वाचला आणि जो तो आपापल्या मशीनवर गेला. सगळ्यांची घरं होती, सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या दुपारी साहेबांनी मला बोलावलं. "अगं, त्या दिवशी तू त्या गड्याचा फोटो काढलास ना? मशीनला हात लावून उभा, जाळी भिंतीला टेकवलेली? तो मला छापून दे." मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. फोटोवर कुठलीच खरी तारीख नव्हती. हार पूजेच्या दिवशीही होता आणि अपघाताच्या दिवशीही होता. बघणाऱ्याला काय दिसणार? जाळी काढून मशीनला टेकून हसणारा एक माणूस. मी त्याच्यासाठी काढलेला फोटो त्याच्याच गळ्यात बांधायचा होता. आणि साहेबांचा नारळाचा, कोपरापर्यंत हात आत घातल्याचा, तो फोटो निघालाच नव्हता, कारण त्या वेळी कॅमेरा हा फोटो लिहीत होता.

मी केबिनमध्ये येऊन दार लावलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत. फोटो दिला तर त्याचा घात, नाही दिला तर माझं पत्र. आणि जाऊन खरं सांगावं, की जाळी साहेबांच्या शब्दावरून निघाली, पूजेसाठी निघाली, तर शॉपमध्ये उद्या काय म्हणतील हे मला बसल्या जागी ऐकू येत होतं: बघा, ख्रिस्ताची पोरगी, आपल्या पूजेला नावं ठेवते. प्रसाद घेतला होता ना मी? मला पूजेला नाव ठेवायचं नव्हतं. पूजेने कुणाची बोटं नेली नव्हती, घाईने नेली होती. पण एवढं बारीक बोलायला कोण मला उभं करणार होतं?

मी कॅमेरा चालू केला. तो पडद्यावर आला, पांढरा सदरा, कुंकू, दोन्ही हात धड. मी पुसायचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की का? मी पुन्हा दाबलं. लिहायला नऊ सेकंद लागले होते, पुसायला एकही लागला नाही. साहेबांना जाऊन सांगितलं की सेल संपले आणि कार्ड कोरं झालं. ते माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले. भीती वाटत होती, पण आतून मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या शेवटी मी मोठ्याने आमेन म्हटलं. पप्पांनी डोळे उघडून बघितलं.

चौकशी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत झाली. बाहेरून एक वकील आणले होते, ते मध्ये बसले. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ऑपरेटर, हाताला अजून पट्टी. त्याने सांगितलं, जाळी पूजेला काढली, साहेबांनी सांगितलं म्हणून काढली. वकिलांनी विचारलं, कुणी पाहिलं? शॉपमधलं एक नाव त्याने घेतलं नाही. त्यांची घरं त्यालाही माहीत होती. तो म्हणाला, "ताईंना इचारा. त्या तितंच हुत्या."

मला बोलावलं. खोलीत एकच खिडकी होती आणि तिच्याखाली साहेब बसले होते, त्यामुळे उजेडाकडे बघायचं म्हणजे त्यांच्याकडेच बघावं लागत होतं. वकिलांनी अगदी सरळ विचारलं, "पूजेच्या वेळी प्रेसला जाळी होती का? कुणाच्या सांगण्यावरून काढली? साहेबांनी जाळीशिवाय मशीनमध्ये हात घातला का?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की त्यांना फोटो नकोच आहे. फोटो पुसून मी मोकळी झाले असं मला वाटत होतं. पण त्यांना मी हवी होते. जे कार्डावर नव्हतं ते सगळं माझ्या डोळ्यांत होतं, आणि ते पुसायला बटण नव्हतं. मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी म्हणाले, "माझं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. त्याचा दिवा लागला होता. मला काही दिसलं नाही."

वकिलांनी ते लिहून घेतलं. मग ऑपरेटरला म्हणाले, "यांना काही विचारायचंय?" मी मान खाली घातली. आता तो म्हणेल, ताई खोटं बोलतात, आणि मी रडेन, आणि सगळं एकदाचं सुटेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे मी त्याचीच वाट बघत होते.

तो म्हणाला, "न्हाई वकीलसाहेब. ताई खरं बोलत्यात. त्यांचं ध्यान क्यामेऱ्यात हुतं. मीच म्हनलं हुतं, माझा फोटू काढा म्हनून. त्येन्ला काय दिसनार?"

तो माझ्याकडे बघून बोलत होता. नारळ फुटल्यावर कॅमेरा खाली घेऊन मी उघड्या डोळ्यांनी उभी होते, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या त्याने पाहिलं होतं, कारण त्या वेळी तो माझ्याचकडे बघत होता. जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला तेव्हा त्याने पेन डाव्या हातात धरलं आणि पुष्कळ वेळ लावून सही केली. कुणीही त्याला घाई केली नाही.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला दोन मजकूर दिले. एक माझं कायम केल्याचं पत्र आणि एक त्याला कामावरून कमी केल्याचं. दोन्ही मीच टाईप केली, आधी त्याचं. एकही चूक न होता, कारण तोवर माझा हात चांगला बसला होता. त्या कंपनीत मी आणखी अकरा वर्षं काढली.